मातीत निजलेला मांबा

प्रिय नामुबिरू,

प्रभूच्या कृपेने घरी सगळे धडधाकट आहेत. हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं तू घाबरत घाबरत वाचणार नाहीस. पत्राबरोबर मातोक्याचा घड आहे, भुईमुगाच्या कुटाचा डबा आहे आणि केळीच्या सोपटाने बांधलेलं एक गाठोडं आहे. घड आणि डबा लगेच बाहेर काढ, नाहीतर केळी उबतील. गाठोड्याची गाठ मात्र हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सोडू नकोस. हसू नकोस, ऐक. टॅक्सीवाल्यालाही मी बजावलं आहे की त्यावर कोंबड्यांची टोपली ठेवायची नाही. तो म्हणाला, "मावशी, सोनं पाठवताय का?" मी म्हटलं, "सोनं असतं तर तुझ्या टॅक्सीतून पाठवलं असतं का?"

फोन का नाही केला, असं तू विचारशील. फोनवर बोलायला लागले की मला थांबता येत नाही आणि पैसे सरतात, कागद मात्र दोन्ही बाजूंनी लिहिला तरी कुरकुरत नाही. शिवाय फोन असतो तुझ्या बाबांच्या खिशात. आज ते देवळाच्या छपराचे पत्रे बसवून घ्यायला गेले आहेत. पत्रे बसवणारे वेगळे, हे खाली उभे राहून त्यांच्या चुका काढणार. शाळेतून निवृत्त झाले तरी मास्तरकी सुटत नाही. तोवर ओसरीवर चटई टाकून लिहून घेते.

मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी मी तुला फोन केला होता, आठवतो? धड खुशाली न विचारता मी एकदम म्हटलं, कोरड्या मातीत मांबा सापडला आणि तो हलत नसला तर मेला असं समजायचं का. तू हसलीस. म्हणालीस, "आई, तुला कधीपासून माशांची पंचाईत?" आणि मग नेहमीसारखी सांगत सुटलीस. तू पुढे दोनदा विचारलंस की तेव्हा काय झालं होतं, आणि मी दोन्ही वेळा केळीच्या बागेतल्या किडीवर विषय नेला. आता सांगते. पण त्याआधी मागचं थोडं लिहिते. ते तुला ठाऊक आहे, तरी आपण दोघी त्यावर कधी बोललोच नाही, म्हणून लिहिते.

तू विद्यापीठात डॉक्टरेटला लागलीस तेव्हा तुझे बाबा किती फुगले होते ते तू पाहिलं नाहीस. दर रविवारी उपासना संपली की ते दारात उभे राहायचे आणि कुणी विचारो न विचारो, "आमची नामुबिरू डॉक्टर होणार" म्हणायचे. सालोंगोने विचारलं, "म्हणजे माझा गुडघा दाखवायला आणू का?" तर म्हणाले, "माणसांची नाही रे, माशांची." सालोंगो म्हणाला, "मग माशांना गुडघे फुटेपर्यंत थांबतो." जुळ्यांचा बाप म्हणून गावाने त्याला सालोंगो म्हणायचं, पण जीभही त्याला देवाने दोघांची दिली आहे. मासे म्हणजे कोणते, हे तू बाबांना सांगितलं नव्हतंस. मला सांगितलं होतंस. तू म्हणालीस, आई, मांबा सरोवरातून कमी होत चाललाय, कोळ्यांच्या जाळ्यात लहान लहानच येतात, आणि केवढा झाला की तो अंडी घालतो हे नीट कळल्याशिवाय सरकारला जाळ्याचा नियम करता येणार नाही. कळायचं कसं, तर पोट उघडून बघायचं. मी दहावीपर्यंत शिकलेली बाई, शाळेत एकदा बेडूक उघडला होता, तेव्हा मला ते समजलं. पण मी या घरात लग्न होऊन आलेली. माझं देवक टोळ. नोव्हेंबरच्या सुमारास पावसात टोळ उतरले की सारं गाव तळून खातं आणि मी त्या दिवसांत चुलीपासून लांब बसते. मांबा हे तुझ्या बाबांचं देवक, आणि म्हणून तुझं. त्यांच्या घरात मांबा खाणं सोडाच, बाजारात टोपलीत दिसला तर ते वाट बदलतात. रेव्हरंड त्यांना एकदा म्हणाले, "मास्तर, बायबलात देवक कुठे आहे?" हे म्हणाले, "आईबापांचा मान राख, हे आहे ना? मग आईबापांनाही आईबाप होते."

त्यानंतर तो रेडिओचा कार्यक्रम. सालोंगोने स्वतःच्या घरून नव्या बॅटऱ्या आणल्या होत्या. अंगणात निम्मी वाडी बसली होती, तुझी नांक्या आत्या पलीकडच्या गावाहून आली होती. तू फार छान बोललीस, सरोवराबद्दल, कोळ्यांबद्दल. आणि मग म्हणालीस, "आम्ही पुष्कळ मांब्यांची पोटं उघडून पाहिली." कुणीतरी खोकलं. सालोंगोला गप्प बसवेना, तो म्हणाला, "मास्तर, पोरीने घरातल्यांनाच कापायला घेतलं की." बाबा उठले आणि त्यांनी रेडिओ बंद केला. पुढच्या आठवड्यात तू घरी आलीस, चटईवर गुडघे टेकलेस, आणि रीतीप्रमाणे त्यांची खुशाली विचारलीस. ते उठले आणि तुझ्या बाजूने केळीच्या बागेत निघून गेले. बापाने खुशालीला जाब दिला नाही तर लेकीने उठायचं कसं? तू तशीच बसून राहिलीस. मी चहा घेऊन दारात उभी होते आणि तुम्हा दोघांपैकी कुणाच्या मागे जावं ते मला कळत नव्हतं. दुपारच्या टॅक्सीने तू गेलीस. दोन नाताळ तुझ्याशिवाय झाले. दोन्ही वेळा त्यांनी कोंबडी कापून वाटे करताना एक वाटा जास्त काढला, आणि मग तो परत भांड्यात टाकला.

तुझे त्या दिवसांतले हाल मी त्यांना सांगायला जायची आणि ते "आज मका मोडायचा आहे" म्हणून उठायचे. शिष्यवृत्ती अडकली आणि तू संध्याकाळी शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या धरल्यास, ते त्यांना ठाऊक नाही. वीज गेली आणि सगळे नमुने वितळतील म्हणून बर्फाची पेटी मांडीवर घेऊन तू बोडाच्या मोटारसायकलवरून अख्खं शहर ओलांडलंस, तेही नाही. तुझ्या मार्गदर्शक अकेलोबाईंनी तुझं लिखाण लाल करून परत पाठवलं आणि तू दोन दिवस जेवली नाहीस, तेही नाही. बाई चांगल्या आहेत, कडक आहेत, पण मनात ठेवत नाहीत. त्या क्योगा सरोवराच्या काठच्या. "तुमच्या घरचं देवक ते आमच्या घरचं कालवण," असं त्या म्हणाल्या होत्या ना तुला पहिल्या दिवशी? आणि तू म्हणाली होतीस, "बाई, म्हणूनच पहिला मासा तुम्ही कापा." तो त्यांनी कापला, पण दुसरा तुलाच कापावा लागला. त्या दिवशी तू मला फोन केलास आणि नुसती रडलीस, आणि मी इकडे शेंगा सोलत "हं, हं" म्हणत राहिले. दुसरं काय म्हणणार होते? त्या माशांचं उरलेलं भट्टीत जाळायला द्यायचा नियम आहे, आणि तुझ्याने ते देववेना, म्हणून अकेलोबाईंची परवानगी काढून तू ते औषधात घालून बरण्यांत ठेवलंस, हेही मला तूच सांगितलंस. प्रयोगशाळेतली पोरं फळीकडे बोट दाखवून "नामुबिरूचे काका बसलेत" म्हणायची. तू त्यांच्याबरोबर हसायचीस. मला ते हसू फोनवर ऐकू यायचं आणि आवडायचं नाही.

आता त्या शनिवारचं. यंदा पाऊस लवकर गेला. दलदल इतकी मागे सरली की खालच्या अंगाला, आपल्या अळकुड्यांच्या खाचरापलीकडे, जमिनीला भेगा पडल्या. बाबा सकाळी कुदळ घेऊन गेले आणि चहा व्हायच्या आत कुदळीशिवाय परत आले. तुला माहीत आहे, ते कुदळ कधी शेतात टाकून येत नाहीत. ओसरीवर बसले आणि म्हणाले, "अगं, मी त्याला मारलं." मला वाटलं सालोंगोच्या जुळ्यांपैकी कुणाला लागलं. मग त्यांनी सांगितलं. ढेकूळ फुटलं, आत तपकिरी कागदासारखं काहीतरी होतं, आणि त्याच्या आत मांबा, शेपटी डोक्यावर घेऊन दुमडलेला. हलत नव्हता. ते आत गेले, पेटी उघडली आणि लुबुगो काढून घेतलं. सालीचं ते वस्त्र त्यांनी मसाकाच्या माणसाकडून स्वतःसाठी घेऊन ठेवलं होतं, गेल्यावर गुंडाळायला. दर वर्षी उन्हात घालून परत पेटीत ठेवायचे. मी विचारलं, "हे कुठे?" म्हणाले, "माझ्या हातून गेला. उघडा कसा टाकू?"

मी गोमेसीचा घोळ खोचून त्यांच्या मागे निघाले. खाली पोहोचतो तर सालोंगो आधीच उभा. त्याला वास लागतो. म्हणाला, "मास्तर, तुमचा भाऊ असेल, पण माझ्या घरी रस्सा होईल. जमिनीत घालून कुणाचं पोट भरणार?" बाबा कुदळ उचलून त्या खड्ड्याशी आडवे उभे राहिले. तेवढ्यात आपल्याकडे मुक्कामाला आलेली नांक्या आत्या वरून आली. तिने कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "सालोंगो, तुझं देवक हत्ती. तुझ्या अळकुड्यांत तो कधी निघायचा नाही, म्हणून तुझी जीभ एवढी चालते. पातेलं घरी ठेव आणि पाणी आण." तो पाणी आणायला गेला, बाई. नांक्याला नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

बाबांनी त्या फुटलेल्या ढेकळावर ओली माती लिंपली. हातांनी, वरून खाली, गुळगुळीत, जशी आपण थडग्यावर लिंपतो. कुठे भेग राहू दिली नाही. मग वस्त्राची घडी मोडायला लागले. आणि मला तुझं बोलणं आठवलं, तू लहान मुलांना गोष्ट सांगावी तसं सांगितलं होतंस, की मांबा पाणी आटलं की मातीत शिरतो, अंगाभोवती वेष्टण करतो आणि निजतो, पाऊस येईपर्यंत. मी म्हटलं, "अहो, तो मेला नसेल. निजला असेल." ते म्हणाले, "तुला काय माहीत?" मी म्हटलं, "मला नाही. पण जिला माहीत आहे तिचा नंबर तुमच्याच खिशात आहे." ते माझ्याकडे बघत राहिले. नांक्या दुसरीकडे बघायला लागली. मग त्यांनी मातीच्या हातानेच फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाले, "तू विचार. मी इथे आहे म्हणू नकोस." आणि मोठ्या आवाजाचं बटण त्यांनीच दाबलं.

तर नामुबिरू, तू माझ्याशी बोलत होतीस असं तुला वाटलं. तुझा शब्द न् शब्द ते ऐकत होते. तू म्हणालीस, वेष्टणाला तोंडाशी एक बारीक भोक असतं, तिथून तो श्वास घेतो, महिनोन्‌महिने फक्त तिथून. मग तू एकदम थांबलीस आणि म्हणालीस, "आई, ते भोक कुणी चिखलाने बुजवलं नाही ना? मासा असला तरी तो हवेवर जगतो. कोंडला तर गुदमरेल." मी बाबांकडे पाहिलं. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. आणि मग ते खाली बसले, दोन्ही गुडघ्यांवर, आणि बोटांनी ती लिंपलेली माती ओरबाडून काढायला लागले. ज्या माशाला त्यांनी उभ्या आयुष्यात बोट लावलं नव्हतं, त्याच्या तोंडावरची माती ते नखांनी काढत होते. मी तुला विचारत गेले आणि तू सांगत गेलीस, एकदम पाण्यात टाकू नका, ढेकूळ सगळंच उचला, सावलीत उथळ पाण्यात ठेवा, तोंड वर राहू द्या. मध्येच तू म्हणालीस, "केवढा आहे गं? हातभर असेल? मोजता येईल का?" आणि लगेच, "जाऊ दे, मोजू नकोस. फक्त त्याला कुणाला कापू देऊ नकोस, आई." बाबांचे हात तेव्हा थांबले होते. मी त्यांच्यासाठीच विचारलं, हे सगळं तुला इतकं नेमकं कसं ठाऊक?  तू म्हणालीस, "कापून पाहिलं म्हणून. त्याचं मला अजून बरं वाटत नाही. पण ठाऊक आहे, हे खरं."

फोन ठेवल्यावर बराच वेळ काही झालं नाही. सालोंगोने आणलेल्या पाण्यात ढेकूळ हळूहळू विरघळत होतं. सालोंगो म्हणाला, "गेलाय तो," पण हळू म्हणाला. मी मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना म्हणत होते. माशासाठी प्रार्थना करावी की नाही हे रेव्हरंडांना विचारायचं राहिलंच आहे. आणि मग पाण्यात शेपटी उलगडली, अगदी आळसाने, आणि तोंड वर आलं आणि त्याने हवेचा घोट घेतला. म्हाताऱ्याने गरम चहा ओढावा तसा आवाज. नांक्या म्हणाली, "दादा, हा तर तुझ्यासारखाच घोरतो." बाबा हसले. मी तुला शपथेवर सांगते, हसले, आणि हसता हसता त्यांनी मातीच्याच हाताने तोंड पुसलं, म्हणून चेहरा सगळा माखला, आणि डोळ्यांचं काय झालं ते आम्हाला दिसू नये याची सोय झाली. उन्हं कलल्यावर त्यांनी आणि सालोंगोने पाटीतून त्याला दलदलीच्या खोल पाण्यात नेऊन सोडलं. सालोंगो आता सगळ्यांना सांगतो की मांबा त्याने वाचवला. सांगू दे.

  तिसऱ्या की चौथ्या दिवशी बीन्स निवडता निवडता बाबा म्हणाले, "तिच्याकडचे कुठे पुरले?" मला आधी कळलंच नाही कोण. मग कळलं. मी सांगितलं, पुरले नाहीत, जाळलेही नाहीत, तिच्याने झालं नाही, बरण्यांत आहेत, फळीवर. ते पुष्कळ वेळ निवडत राहिले, चांगल्या बीन्ससुद्धा खड्यांत टाकत. मग म्हणाले, "म्हणजे इतके दिवस एकटी सांभाळतेय." मग मी त्यांना सगळं सांगितलं, शिकवण्यांचं, बर्फाच्या पेटीचं, अकेलोबाईंच्या लाल शाईचं. या वेळी ते मका मोडायला उठले नाहीत.

आता गाठोड्याचं. त्यात ते लुबुगो आहे. पत्राशिवाय ते तुझ्या हातात पडलं असतं तर तू काय समजली असतीस ते मला ठाऊक आहे. एक तर बाबा गेले, नाहीतर बाबांनी तुला गेली असं मानलं. म्हणून एवढं लिहिलं, आणि म्हणून पहिल्या ओळीत सगळे धडधाकट आहेत म्हटलं. दोन्हींपैकी काही नाही, पोरी. त्यांनी ते स्वतः झटकलं, कडेची माती तशीच ठेवली आणि म्हणाले, "तिच्याकडच्यांना लागेल. तिचं काम झालं की अकेलोबाईंना विचारून गुंडाळून घरी आणू दे, आपल्या थडग्यांपाशी जागा आहे." मी म्हटलं, मग तुमच्यासाठी काय? म्हणाले, "दुसरं घेऊ." मी म्हटलं, घाई नाही, सध्या भाव चढे आहेत. पुढच्या महिन्यात तुझी परीक्षा घेणारे सगळे जमतील तेव्हा मागच्या बाकावर म्हाताऱ्या माणसाला बसू देतात का, हे विचारून कळव. त्यांच्या कांझूला, त्या लांब पांढऱ्या झग्याला, इस्त्री करून झाली आहे, दोनदा. त्याआधी तू त्यांच्यापुढे गुडघे टेकशील तेव्हा ते पूर्ण जाब देतील, पहिल्या "बरी आहेस का"पासून शेवटच्या हुंकारापर्यंत. काल गोठ्यात गाईशी बोलल्यासारखं करून ते तो म्हणून बघत होते, मी ऐकलं. आता गाठ सोड. ती त्यांनीच बांधली आहे, घट्ट आहे, पण सुरी लावू नकोस, ओढत राहा, सुटते.

ईश्वर तुझ्या डोक्यावर हात ठेवो.

तुझीच, दारात चहा घेऊन उभी असलेली,
आई